लोहगावच्या हवाई तळाशेजारी ध्वनिरोधक खिडक्या : काय मिळते आणि काय मिळत नाही

पुण्यातल्या टिंगरेनगर, कळस, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव या पट्ट्यात घर पाहायला येणारे लोक पाणी आणि पार्किंग यांच्या पाठोपाठ विमानांच्या आवाजाची चौकशी करतात, आणि बहुतेक वेळा त्यांना एकच उत्तर मिळते, की खिडक्या बदलून घ्या. आमच्या टिंगरेनगरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दोन खोल्यांना दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या ध्वनिरोधक खिडक्या बसवून घेतल्या. त्यांच्यासह एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. विक्रेत्याचे नाव देत नाही, कारण काच आणि युपीव्हीसीचे (चौकटीसाठी वापरल्या जाणाऱ्या कडक प्लास्टिकचे) सेक्शन जवळपास सगळीकडे सारखेच मिळतात. खरा फरक पडतो तो काचेच्या रचनेत आणि बसवणाऱ्याच्या हातात.

आधी आवाजाचे स्वरूप नीट समजून घ्यावे लागते, नाहीतर पैसे चुकीच्या जागी जातात. लोहगावचा तळ १९३९ सालचा आहे. शहर त्याच्या भिंतीपर्यंत नंतर येऊन पोहोचले, आणि हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमाने याच तळावर हवाई दलात दाखल झाली. या विमानाला दोन इंजिने असतात आणि आफ्टरबर्नर (जादा रेट्यासाठी इंजिनाच्या मागच्या भागात आणखी इंधन जाळण्याची सोय) चालू असताना प्रत्येक इंजिन सुमारे १२,५०० किलो इतका रेटा देते. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम असल्यामुळे तिच्या दोन्ही टोकांच्या पुढची वस्ती, म्हणजे पश्चिमेला कळस-विश्रांतवाडीची बाजू आणि पूर्वेला वाघोलीची बाजू, उड्डाणाच्या रेषेखाली किंवा तिच्या अगदी जवळ येते. प्रवासी विमानेही हीच धावपट्टी वापरतात, पण त्यांचा आवाज वेगळा असतो; तो हळूहळू वाढतो, ओसरतो आणि त्यात अनपेक्षित असे फारसे काही नसते. लढाऊ विमानाचा आवाज काही सेकंदांत शिखराला पोहोचतो, त्याच्या तळाशी खोल घुमणारा थर असतो, आणि एकामागून एक विमाने उडत असतील तर तान्हे मूल पुन्हा झोपेपर्यंत दुसरे विमान डोक्यावर आलेले असते.

आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा सरासरीवर मोजली जाते. अर्धा मिनिट कानठळ्या बसवणारा आवाज आणि पुढची वीस मिनिटे शांतता अशी विभागणी असली की सरासरीचा आकडा आवाजाच्या त्या शिखराविषयी फारच थोडे सांगतो, आणि झोप मोडते ती त्या शिखरामुळे. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत विमानांच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४० डेसिबलपेक्षा कमी अशी आहे. आपल्या भागात हा आकडा खिडकीच्या जोरावर खोलीच्या आत गाठण्याचा प्रयत्न चालतो; खिडकीबाहेर तो गाठण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

आता खिडकीकडे. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा कानावर पडते ती टक्केवारी: ‘नव्वद टक्के आवाज बंद’, ‘पंच्याण्णव टक्के आवाज बंद’. ग्राहकाने इथे थांबून हिशेब करावा. डेसिबलचे मोजमाप लॉगॅरिदमिक असते. ध्वनीची नव्वद टक्के ऊर्जा अडवली तर घट होते फक्त १० डेसिबलची, आणि १० डेसिबलची घट कानाला साधारण ‘आवाज निम्मा झाला’ अशी वाटते. पंच्याण्णव टक्के म्हणजे सुमारे १३ डेसिबल आणि नव्व्याण्णव टक्के म्हणजे २० डेसिबल. त्यामुळे पंच्याण्णव टक्के हा आकडा खोटा नसूनही विकत घेणाऱ्याची दिशाभूल करतो. टक्के बाजूला ठेवून, देत असलेल्या काचेच्या नेमक्या रचनेला किती डेसिबलचे चाचणी प्रमाणपत्र आहे ते विचारावे, आणि ते प्रमाणपत्र केवळ काचेचे आहे की चौकटीसह पूर्ण खिडकीचे, हेही विचारावे. आम्ही विचारले तेव्हा बहुतेक ठिकाणी काचेचेच पुढे आले.

दुसरा गैरसमज दोन काचांच्या मधल्या जागेविषयीचा आहे. ‘आत व्हॅक्यूम आहे’ असे सर्रास सांगितले जाते. नेहमीच्या दुहेरी काचेत निर्वात पोकळी नसते. कोरडी हवा किंवा आरगॉन वायू असतो, आणि कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. त्याचा मुख्य उपयोग उष्णता अडवण्यासाठी आहे. आवाजाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: काचेचे वजन, दोन काचांमधले अंतर, दोन्ही काचांची जाडी एकमेकींपेक्षा वेगळी असणे, आणि निदान एक काच लॅमिनेटेड असणे. प्रत्येक जाडीच्या काचेचा एक कमकुवत पट्टा असतो, जिथे ती आवाजाबरोबर स्वतः थरथरते; साध्या ६ मिलिमीटर काचेत तो सुमारे २,००० हर्ट्झच्या आसपास येतो. दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या घेतल्या तर दोघींची कमजोरी एकाच जागी पडते आणि तिथून आवाज आत येतो. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो ही थरथर जिरवतो. टफन्ड काच (तापवून मजबूत केलेली) मात्र आवाजासाठी तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चांगली नसते. ती सुरक्षिततेसाठी असते. आम्हाला एका ठिकाणी टफन्ड काचच ‘साउंडप्रूफ’ म्हणून जास्त दराने देऊ केली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पहिल्या खोलीत आम्ही जुनी ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी काढून युपीव्हीसीची, आत उघडणारी, दुहेरी काचेची खिडकी बसवली. स्लायडिंग ठेवून काच तेवढी बदलू नये, हे इथे स्पष्ट सांगतो. स्लायडिंगचे शटर ट्रॅकवर सरकण्यासाठी फट लागतेच आणि तिथला ब्रश हवेला पूर्ण अडवत नाही. खिडकीच्या एकूण क्षेत्राच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी काच कितीही भारी असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या आसपास अडकून पडते. उघडणाऱ्या शटरला चारही बाजूंनी रबरी गास्केट असते आणि हँडल फिरवल्यावर ते चौकटीवर दाबून बसते. बाहेर ग्रील असल्यामुळे आमचे शटर आत उघडणारे घ्यावे लागले. परिणामी पडद्याची दांडी हलवावी लागली, खिडकीखालच्या टेबलाची जागा बदलावी लागली, आणि मच्छरजाळीचा प्रश्न गुंडाळल्या जाणाऱ्या जाळीने सोडवावा लागला. घरात जागा कमी असेल तर हा विचार ऑर्डर देण्यापूर्वी करावा.

बसवण्याच्या कामाबाबत आमची तक्रार आहे. माप घेणाऱ्याने ग्रॅनाइटच्या चौकटीचा काटकोन तपासला नाही. खिडकी आली तेव्हा एका कोपऱ्यात बोटभर जागा राहिली आणि ती केवळ फोम फवारून, वरून सिलिकॉन ओढून बुजवली गेली. फोम हलका असतो. उष्णता अडवायला तो चांगला, आवाज अडवायला तो पुरेसा नाही. पहिल्याच उड्डाणाच्या वेळी त्या कोपऱ्यातून आवाज येत असल्याचे कान लावून कळत होते. पाठपुरावा केल्यावर फोम काढून तिथे सिमेंटचा भरणा करून मग सिलिकॉन भरले गेले आणि फरक लगेच जाणवला. शेवटचा हप्ता एखाद्या उड्डाणाच्या दिवसानंतरच द्यावा, ही सूचना यातूनच करतो आहे.

दुसऱ्या खोलीत जुनी स्लायडिंग तशीच ठेवून भिंतीच्या आतल्या अंगाला लॅमिनेटेड काचेची दुसरी खिडकी बसवली. दोन खिडक्यांमध्ये सुमारे चार इंचांचे अंतर राहिले. सोसायटीची परवानगी लागली नाही, कारण बाहेरून इमारतीचे रूप बदलत नाही. तोडफोड झाली नाही. खर्चही पहिल्या खोलीपेक्षा कमी आला. आणि आवाजाच्या बाबतीत ही खोली पहिलीपेक्षा सरस ठरली. याचे कारण ते चार इंच आहेत. कारखान्यात तयार होणाऱ्या दुहेरी काचेत मधले अंतर १२ ते १६ मिलिमीटर असते, आणि एवढ्या कमी अंतरात खोल, घुमणाऱ्या आवाजाला दोन्ही काचा जणू एकच काच असल्यासारख्या हलतात. अंतर वाढले की तो थरही काही प्रमाणात कमी होतो, आणि सुखोईच्या आवाजात त्रासाचा मोठा भाग नेमका त्या थराचा असतो. गैरसोय अशी, की हवेसाठी दोन खिडक्या उघडाव्या लागतात आणि मधल्या पोकळीतली धूळ पुसणे कटकटीचे आहे. तरीही दोन्हींपैकी एक निवडायची झाल्यास, भाड्याच्या किंवा जुन्या घरासाठी मी दुसरी पद्धतच सुचवीन.

मोबाइलवरचे मोजणीचे ॲप प्रमाणित उपकरण नव्हे, त्यामुळे त्यावरचा आकडा खरा मानू नये. आतल्या आणि बाहेरच्या आकड्यांतला फरक मात्र उपयोगी पडतो. जुन्या स्लायडिंगने हा फरक २० डेसिबलच्या थोडा खाली असे. आता पहिल्या खोलीत तो ३० डेसिबलच्या थोडा वर आणि दुसऱ्या खोलीत त्याहून अधिक येतो. प्रवासी विमाने जवळपास ऐकू येत नाहीत. रस्त्यावरचे हॉर्न, रिक्षा, समोरच्या गाळ्यातले ग्राइंडर हे सगळे मागे पडले. लढाऊ विमान मात्र अजूनही कळते. त्याची कर्कश धार गेली, बोलणे मध्येच थांबवावे लागत नाही, फोनवरचा माणूस ऐकू येतो. पण खोल घुमणे भिंतीतून आणि स्लॅबमधून येतच राहते आणि कपाटाचे दार हलके वाजते. याला खिडकी जबाबदार नाही. कोणत्याही विक्रेत्याने ‘काहीच ऐकू येणार नाही’ असे सांगितले, तर तो या भागात एकही उड्डाण ऐकून आलेला नाही असे समजावे.

या खिडक्यांची खरी किंमत उन्हाळ्यात कळते. त्या बंद असल्या तरच काम करतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात बंद खोलीत पंख्यावर झोपणे शक्य नसते. वातानुकूलन चालवावे लागते, विजेचे बिल वाढते, आणि ज्या घरांनी आजवर केवळ रात्रीच्या वाऱ्यावर भागवले तीही यंत्राकडे ढकलली जातात. एका परिणामावर उपाय करताना दुसरा परिणाम असा वाढतो. आणखी एक बाब जिवाची आहे. गॅस गीझर किंवा गॅसची शेगडी असलेल्या घरात सगळ्या फटी बुजवून टाकू नयेत. बंदिस्त जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. न्हाणीघराची जाळी आणि स्वयंपाकघराची खिडकी आम्ही मुद्दाम जुनीच ठेवली. विक्रेत्यांपैकी एकानेही हा मुद्दा स्वतःहून काढला नाही, आणि तो त्यांनी काढायला हवा होता.

आम्हाला मिळालेल्या कोटेशनांत पहिल्या पद्धतीचा दर साध्या ॲल्युमिनियम स्लायडिंगच्या अडीच ते तीन पट होता. काचेचे वजनही लक्षात घ्यावे: दर चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो, म्हणजे एकूण १२ मिलिमीटर काच असलेल्या खिडकीत चौरस मीटरला ३० किलो. बिजागऱ्या आणि चौकटीतले लोखंड त्या वजनाला पुरेसे आहे का, हे विचारल्याशिवाय स्वस्त कोटेशन घेऊ नये.

हा सगळा खर्च आम्ही केला, आणि आमच्यासारख्या घरांना तो जड का होईना पेलतो. पण विमानाच्या आवाजासाठी खिडकी बदलण्याचा खर्च रहिवाशानेच करावा, हा काही निसर्गनियम नाही. जर्मनीत विमानांच्या आवाजापासून संरक्षण देणारा कायदा १९७१ पासून आहे आणि २००७ मध्ये तो अधिक कडक झाला. जेट विमाने उडणारे लष्करी तळही त्यात येतात. तळाभोवती आवाजाच्या पातळीनुसार संरक्षण क्षेत्रे आखली जातात, त्यांत नवीन बांधकामावर बंधने येतात, आणि सर्वाधिक आवाजाच्या क्षेत्रातील जुन्या घरांच्या ध्वनिरोधक खिडक्यांचा खर्च तळ चालवणारी यंत्रणा देते. रात्रीच्या संरक्षण क्षेत्रात झोपण्याच्या खोलीत आवाज अडवून हवा आत घेणारी यंत्रेही त्यात धरली जातात, म्हणजे वर लिहिलेला उन्हाळ्याचा प्रश्न तिथे कायद्यानेच विचारात घेतला आहे. जपानमध्ये संरक्षण आस्थापनांच्या परिसरातील राहणीमान सुधारण्याचा कायदा १९७४ चा आहे. योकोता, अत्सुगी, कादेना अशा तळांभोवतीच्या घरांना आणि शाळांना त्याखाली ध्वनिरोधनासाठी सरकारी अनुदान मिळते. दोन्ही देशांत विमाने उडतच आहेत. तळाच्या खर्चात शेजाऱ्याच्या खिडकीचाही समावेश होतो, एवढाच फरक आहे.

आपल्याकडे तळाभोवतीच्या बांधकामावर बंधने नाहीत असे नाही. संरक्षण आस्थापनांभोवतीच्या बांधकामांसाठी १९०३ सालचा कायदा आहे, आणि विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते विमानाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे. पण इमारत किती उंच असावी याची एवढी काळजीपूर्वक तपासणी होत असताना, त्या इमारतीत राहणाऱ्याच्या खोलीत किती आवाज पोहोचेल हे कोणी विचारत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर स्वतंत्र विभाग आहे. उड्डाणरेषेखालील नवीन इमारतींना त्यातील तरतुदी बंधनकारक केल्या, तर विकसक सुरुवातीलाच योग्य खिडकी बसवील आणि ती नंतर तोडून बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. पुरंदरचा विमानतळ झाल्यावर प्रश्न सुटेल असे अनेक जण म्हणतात. तो नागरी विमानांसाठी आहे; लढाऊ विमाने लोहगावलाच राहणार आहेत.

ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे त्यांच्यासाठी मात्र हे परीक्षण निरुपयोगी आहे, आणि लिहिताना हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते. कळस, धानोरी, जुन्या लोहगावातल्या पत्र्याच्या खोल्यांत खिडकी कोणतीही लावली तरी आवाज छतातून सरळ खाली येतो. शाळांचीही तीच अडचण आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या मुलांचा अभ्यास झाला होता: जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण आवाज थांबल्यावर सुधारले, नव्याजवळच्या मुलांचे बिघडले. वर्गातली मुले स्वतःसाठी खिडकी विकत घेऊ शकत नाहीत, आणि शिक्षक विमान जाईपर्यंत फळ्याकडे पाहत थांबतात.

आमच्या सोसायटीने परिसरातील काही सोसायट्यांसह महापालिका आणि हवाई तळ या दोघांना पत्र दिले आहे. त्यात सराव थांबवण्याची मागणी नाही. वैमानिकांना सराव लागतो आणि तो रात्रीचाही लागतो, याची आम्हाला जाणीव आहे. रात्रीच्या सरावाचा आठवडा, सुरक्षिततेला बाधा न येईल एवढ्या ढोबळ स्वरूपात, आधी कळवावा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात दुपारपर्यंत शक्य तेवढी सवलत द्यावी. जमिनीवरच्या इंजिन चाचण्या बंदिस्त ध्वनिरोधक इमारतीत व्हाव्यात, जशा जगातल्या अनेक तळांवर होतात. आणि उड्डाणरेषेखालील महापालिका शाळांच्या खिडक्या व छते संरक्षण खात्याच्या खर्चाने ध्वनिरोधक करावीत, असे त्यात म्हटले आहे. आमच्या बाजूने आम्ही कचऱ्याची जबाबदारी लिहून दिली आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा उघड्यावर टाकण्यास १९३७ च्या विमान नियमांनी मनाई केली आहे, तरीही धानोरी-लोहगाव रस्त्याच्या कडेला ढीग पडतात, त्यांवर घारी जमतात, आणि घारीची धडक वैमानिकाच्या जिवावर बेतू शकते. ओला कचरा सोसायटीच्या आवारातच जिरवण्याचे काम पत्रावर सह्या करणाऱ्या सोसायट्यांनी सुरू केले आहे, आणि उघड्यावरच्या ढिगांची छायाचित्रे ठिकाणासह दर आठवड्याला क्षेत्रीय कार्यालयाकडे जातात.